मल्टी रेटिंगसाठी हाय-विंग ट्विन घ्यायचंय : टेकनॅम की पी६८?

आभाळवेडा :
नमस्कार मंडळी. आम्ही चौघं मिळून विदर्भात एक छोटं फ्लाइंग स्कूल चालवतो. सिंगल इंजिनची तीन विमानं आहेत आणि मुलांचे सीपीएलचे (कमर्शियल पायलट लायसन्सचे) दोनशे तास भरत आले की मल्टी-इंजिन रेटिंगसाठी, म्हणजे दोन इंजिनांची विमानं उडवायच्या परवान्यासाठी, त्यांना दुसऱ्या स्कूलकडे पाठवावं लागतं, तिथे महिना महिना नंबर लागत नाही, लॉजचं भाडं चालू, घरून फोन चालू की बाबा कधी होणार एकदाचं. म्हणून आता आपलंच एक ट्विन, म्हणजे दोन इंजिनांचं विमान, घ्यायचं ठरतंय.

पंख वर असलेलंच हवंय यावर आमच्यात एकमत आहे. आमच्या पट्टीच्या दोन्ही कडांना मुरूम आहे, वाऱ्याने खडे आत येतात, प्रोपेलर जितका उंच तितकं बरं. शिवाय वरून फोटो-सर्व्हेची कामं मिळायची शक्यता आहे आणि त्यात खाली बघायला मध्ये पंख नको.

माझं मत टेकनॅम पी२००६टी. रोटॅक्स ९१२ची १०० एचपीची दोन इंजिनं, चार सीट, चाकं आत जाणारी, नवीन मिळतं, आणि दोन्ही इंजिनं मिळून तासाला ४० लिटरच्या आत भागतं. पार्टनरचं मत पी६८. लायकमिंगची २०० एचपीची दोन इंजिनं, चाकं बाहेरच, पण पेट्रोल जवळपास दुप्पट. गंमत म्हणजे दोन्ही विमानं एकाच माणसाची, नेपल्सचे लुइजी पास्काले. पी६८ पहिल्यांदा उडालं १९७० मध्ये आणि पी२००६टी २००७ मध्ये. म्हणजे त्याच माणसाला सदतीस वर्षांनी हलकं ट्विन बनवावंसं वाटलं, त्याला काहीतरी कारण असणारच ना.

ज्यांनी ही उडवलीत किंवा सांभाळलीत त्यांनी मोकळेपणाने बोला.

पानापक्कड :
मी एएमई, म्हणजे विमान दुरुस्तीचा इंजिनिअर आहे, सव्वीस वर्षं झाली. साहेब, पार्टनरचं ऐका. लायकमिंग आयओ-३६० उघडता येणारा माणूस तुम्हाला कुठेही मिळेल, पार्ट मिळेल, इंजिन चुकलंमाकलं तरी सांभाळून घेतं. आणि पी६८ आपल्याकडे काही परकं नाही, नव्वदच्या दशकात तनेजा एरोस्पेसने होसूरला ते लायसन्सवर बांधलंय, तनेजा म्हणजे आपल्या पुण्याचं घराणं.

दुसरी गोष्ट चाकं. ज्या स्कूलमध्ये विद्यार्थी आहेत तिथे आत जाणारी चाकं म्हणजे कधी ना कधी पोटावर लँडिंग. मी असं एक विमान जॅकवर चढवलंय. चाकं बाहेर नाहीत म्हणून हॉर्न वाजत होता, पोरगा म्हणाला मला वाटलं स्टॉल वॉर्निंग (वेग फार कमी झाल्याचा इशारा) आहे. बिचारा दोन दिवस जेवला नाही.

आभाळवेडा :
चाकांचा मुद्दा पटतो दादा, पण मग तो पोरगा उद्या एअरलाइनला जाऊन चाकं वर-खाली करायची सवय कुठे लावणार? चूक व्हायचीच तर इन्स्ट्रक्टर शेजारी असताना होऊन दुरुस्त व्हावी. आणि पंख वर असल्यामुळे पोटावर उतरलं तरी प्रोपेलर जमिनीला लागायची शक्यता लो-विंगपेक्षा कितीतरी कमी, म्हणजे इंजिनं वाचतात.

मे महिना :
मुद्दा चाकांचाही नाही आणि पार्टचाही नाही, मुद्दा उन्हाचा आहे. तुमची पट्टी समुद्रसपाटीपासून हजार फुटांच्या आसपास असणार. मे महिन्यात ४५ डिग्री. हिशोब करा, तापमान त्या उंचीच्या स्टँडर्डपेक्षा ३२ डिग्री जास्त, म्हणजे डेन्सिटी अल्टिट्यूड (हवा जितक्या उंचीइतकी विरळ वागते ती उंची) साधारण ४८०० फूट. विमानाच्या लेखी ते महाबळेश्वरच्या डोक्यावरून टेकऑफ घेतंय.

आता एक इंजिन बंद पडलं असं धरा. पी२००६टीचं कमाल वजन १२३० किलो, उरले १०० एचपी. एका घोड्यामागे १२ किलोच्या वर. पी६८चं १९९० किलो, उरले २०० एचपी. एका घोड्यामागे १०च. त्यात तुमचे १०० घोडे ४५ डिग्रीत १०० राहतच नाहीत. दोन इंजिनं आहेत म्हणून जीव वाचतो असं ज्यांना वाटतं त्यांनी त्या ४८०० फुटांच्या हवेत एका रोटॅक्सवर चढून दाखवावं.

आभाळवेडा :
हिशोब बरोबर आहे, पण कमाल वजनाचा आहे. मल्टीच्या सॉर्टीला (शिकवणीच्या एका उड्डाणाला) किती जण बसतात? दोन. इन्स्ट्रक्टर आणि विद्यार्थी मिळून १६० किलो, रिकामं विमान ८२०च्या आसपास, टाक्या अर्ध्या म्हणजे १०० लिटर, ७२ किलो. झाले १०५० किलो. एका घोड्यामागे साडेदहा. आम्ही चार जण बसवून दुपारी दोनला टेकऑफ घेणारच नाहीये.

मे महिना :
मग तीच सवलत पी६८लाही द्या की. दोघं आणि बेताचं पेट्रोल घेतलं तर तेही दीड टनाच्या आसपास येतं, एका घोड्यामागे साडेसात-आठ. फरक तसाच राहतो, उलट वाढतो. आणि तुम्ही स्वतःच लिहिलंय सर्व्हेची कामं करणार. कॅमेरा, ऑपरेटर आणि भरलेल्या टाक्या घेऊन टेकनॅम कुठे बसतं ते सांगा.

ब्लू लाइन :
मी मागच्या वर्षी मल्टी केलं, पी२००६टीवरच, म्हणून लिहितेय. हाय-विंग, लो-विंग, एचपी सगळं ठीक आहे पण शिकणाऱ्याला नेमकं काय होतं ते सांगते.

सरांनी पहिल्यांदा न सांगता डावं इंजिन मागे ओढलं तेव्हा नाक डावीकडे असं झपकन गेलं की मी हातानेच सावरायला गेले, आणि सर ओरडले, पाय, पाय. उजवा रडर पूर्ण दाबून धरायचा, स्पीड निळ्या रेघेवर (एका इंजिनावर सगळ्यात चांगलं चढता येतं तो वेग) ठेवायचा, आणि मग मनाशी म्हणायचं की डावा पाय रिकामा म्हणजे डावं इंजिन गेलं. चाकं आत, इंजिन ओळखा, खात्री करा, मग फेदर, म्हणजे बंद प्रोपेलरची पाती वाऱ्याला आडवी न राहता धारेने वळवायची. पाचव्या-सहाव्या वेळेला माझी मांडी थरथरायला लागली, उतरल्यावर स्कूटीचा स्टँड काढताना पाय साथ देईना. पण ते अंगात मुरलं. त्या विमानात मिक्सचर लिव्हर (पेट्रोल-हवेचं प्रमाण बदलायची दांडी) नाही, कार्ब्युरेटर स्वतःच उंचीप्रमाणे जमवून घेतो, त्यामुळे डोकं मोकळं राहतं आणि पूर्ण लक्ष त्या एका गोष्टीवर जातं. मला ते फार मोलाचं वाटलं.

सकाळी पहिल्या सॉर्टीआधी इग्निशन बंद आहे ना ते दोनदा बघून प्रोपेलर हाताने हळूहळू फिरवायचा, मग टाकीतून गुडगुड आवाज येतो, तेल टाकीत परत आलं की तो आवाज, आणि मगच डिपस्टिक बघायची. ते काम मला मनापासून आवडायचं.

पानापक्कड :
ताई, छान लिहिलंत. पण त्याच तेलाबद्दल बोलतो. रोटॅक्सचं सगळं गणित शिसं नसलेल्या पेट्रोलवर मांडलेलं आहे. बाहेरच्या देशांत लोक पंपावरचं साधं पेट्रोल घालतात आणि स्वस्तात उडतात. आपल्या पंपावर आता ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल. रोटॅक्स ९१२ला कंपनीची परवानगी १० टक्क्यांपर्यंत. म्हणजे ते बाद. राहिलं १०० एलएल एव्हगॅस, म्हणजे विमानाचं पेट्रोल, त्यात शिसं. ते शिसं तेलात उतरतं, गिअरबॉक्समध्ये बसतं, कारण यात इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्हीला तेल एकच. मग तेल लवकर बदला, गिअरबॉक्स लवकर तपासा. साहेबांच्या ४० लिटरच्या हिशोबात हे धरलंय का?

आभाळवेडा :
खरं सांगतो, ई२०चा मुद्दा आमच्या कागदावर नव्हता. आम्ही एव्हगॅसच धरलं होतं, पण तेलाच्या आणि गिअरबॉक्सच्या मुदती कंपनीच्या माहितीपत्रकातल्या, बिनशिशाच्या पेट्रोलवरच्या घेतल्या. ते आता नव्याने मांडतो. आभारी आहे दादा.

तरी एव्हगॅस पूर्वीसारखं पूर्ण परदेशावर अवलंबून नाही, २०२२ पासून इंडियन ऑइल गुजरातच्या रिफायनरीत बनवतंय. पण बॅरलने मागवायचं, साठवायचं, हे आहेच. आणि जे महाग आहे ते निम्मं लागणं हा फायदा शिल्लक राहतोच ना.

काटेकोर :
एव्हगॅसचं इतकं रडगाणं आहे तर डायमंड डीए४२ घ्या की. जेट ए-१वर (जेट विमानांच्या इंधनावर) चालतं, इंजिनचा मास्टर स्विच बंद केला की प्रोपेलर आपोआप फेदर होतो. पंख खाली आहेत एवढंच. हाय-विंगचा हट्ट सोडा.

आभाळवेडा :
विमान उत्तम आहे, वाद नाही. पण मुरुमाच्या पट्टीवर प्रोपेलर किती उंचीवर हवा हे मी पाच वर्षं ब्लेडवरचे खड्डे कानशीने घासून शिकलोय. आणि ब्लू लाइन ताईंनी लिहिलं ते फेदर करणं, ते हाताने करायला शिकावं असंच मला वाटतं. इंजिन ओळखून लिव्हरला हात घालायच्या आधी जो एक क्षण थांबायचं असतं, तो क्षणच शिकवायचा आहे.

मागचं-पुढचं :
कोणी स्कायमास्टरचं नाव कसं काढलं नाही? सेसना ३३७, एक इंजिन पुढे, एक मागे, पंख वर. एक बंद पडलं तरी नाक कुठेच ओढलं जात नाही. ट्विनमधल्या नियंत्रण सुटण्याच्या अपघातांवर इतका सरळ इलाज दुसऱ्या कोणी काढला नाही.

मे महिना :
म्हणूनच ते रेटिंगला निरुपयोगी. अमेरिकेत त्यावर परीक्षा दिली तर लायसन्सवर सेंटर थ्रस्टपुरतंच (दोन्ही इंजिनं मधल्या रेषेवर असलेल्या विमानांपुरतंच) अशी मर्यादा लागते. जे शिकवायचं तेच त्यात घडत नाही. शिवाय मागचं इंजिन बंद पडलं तर कळत नाही, ना ते दिसतं ना नाक वळतं, आणि लोकांनी एकाच इंजिनावर टेकऑफ रोल सुरू केल्याचे अपघात झालेत. अमेरिकेत १९८० लाच बनायचं थांबलं, म्हणजे सगळ्यात नवीन मिळालं तरी पंचेचाळीस वर्षांचं.

मागचं-पुढचं :
स्कूलसाठी नको, मान्य. पण स्वतःच्या पैशाने स्वतःच्या बायकापोरांना घेऊन रात्री उडायचं असेल तर मी आजही तेच निवडेन, आणि पुढचं इंजिन चालू करायच्या आधी मागचं चालू करेन.

पानापक्कड :
पी६८बद्दल एक उणी बाजूही सांगतो, नाहीतर एकतर्फी होईल. ती इंजेक्शनची लायकमिंग उन्हात गरम असताना चालू करणं हा ताप आहे. सॉर्टी संपवून दहा मिनिटं उभं केलं की काऊलिंगखालच्या (इंजिनावरच्या आवरणाखालच्या) लायनीत पेट्रोलची वाफ होते, मग पोरं स्टार्टर फिरवत बसतात, बॅटरी उतरते. नागपूरकडच्या मे महिन्यात हे रोजचं. आम्ही काऊलिंगचं झाकण उघडून ठेवायचो आणि ओली गोणी अंथरून सावलीत बसायचो. तरी मी पी६८च म्हणेन, कारण मे महिना यांनी मांडलेल्या वजनाच्या हिशोबाला साहेबांकडून उत्तर आलेलं नाही.

आभाळवेडा :
दादा, उत्तर नाहीये, कबूल आहे. सर्व्हेचं काम आणि मल्टीचं शिक्षण एकाच विमानात कोंबायचा आमचा प्रयत्न चुकतोय असं आता वाटतंय. सर्व्हे धरला तर पी६८, ट्रेनिंगच धरलं तर अजूनही टेकनॅम, कारण तासाचा दर निम्म्याच्या जवळ आला तर शेतकऱ्याच्या मुलाला दोन सॉर्टी जास्त देता येतील आणि पाय थरथरायचे थांबेपर्यंत शिकवता येईल. सर्व्हे सोडायचा का हे पार्टनरशी बोलतो.

पण तोवर एक ठरवलंय. विकणारा डिसेंबरच्या सकाळी डेमो द्यायला तयार आहे, त्याला सांगितलं मेमध्ये या. दुपारी दोन वाजता, विमानात दोघंच, टाक्या अर्ध्या, ४००० फूट उंची घेऊन एक इंजिन झीरो थ्रस्टवर (ना ओढ ना अडथळा, म्हणजे बंद पडल्यासारखं) आणायचं, स्पीड निळ्या रेघेवर, आणि पाच मिनिटांत उंचीचा काटा वर जातो की खाली ते लिहून घ्यायचं. पी६८वाल्यालाही हेच सांगितलंय.

ब्लू लाइन :
मला बोलवाल का? मागच्या सीटवर बसून आकडे लिहून घेईन, माझं वजन ४८ किलो आहे, ते पेट्रोलमधून कमी करा.

मे महिना :
आकडे इथे टाका. खाली गेला तरी टाका.