वरच्या खाचरातलं औषध माझ्या माशांपर्यंत कसं पोचलं?

माणगावकडे माझं २० गुंठ्यांचं खाचर आहे. यंदा कडेने चर खणून सायप्रिनस माशाची बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडली होती. मी स्वतः काहीच फवारलं नाही. वरच्या खाचरात चुलत्यांनी खोडकिड्यासाठी दाणेदार कारटॅप हे कीटकनाशक टाकलं, आणि त्याच रात्री धो धो पाऊस. सकाळी चरात पांढरी पोटं वर आलेली. आई नि मी टोपलीभर मासे पुरले. बांध तर कुठेच फुटला नव्हता. मग?

» खेकड्यांची बिळं बघितलीत का दादा? बांध वरून धड दिसतो आणि आतून पाणी झिरपत राहतं. कारटॅप पाण्यात सहज विरघळतं, म्हणून पाणी जाईल तिकडे जातं. माशांना ते फार घातक.

» सायपरमेथ्रीन या फवारायच्या कीटकनाशकाचं उलट. ते पाण्यात फारसं विरघळत नाही, गाळाला चिकटतं. पण वाऱ्याने तुषार उडून चरात पडले तर थोडक्यातही मासे मरतात. माझ्याकडे वरच्या अंगाला आडवा पाट काढलाय, पाणी माझ्या खाचरात न येता थेट ओहोळाला जातं. पण ओहोळातही मासे असतात, त्यामुळे औषध कमी करणं हाच खरा इलाज.

» (मूळ प्रश्नकर्ता) बिळं सापडली, दोन, चराच्या अगदी समोर. चिखल ठासून बुजवली. काकांशी बोललो. पुढच्या हंगामात दोन्ही खाचरांत कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग पकडणारे) आणि ट्रायकोकार्ड (किडीची अंडी मारणाऱ्या बारीक मित्रकीटकांची कार्डं) लावायचं ठरलंय. औषध टाकायचीच वेळ आली तर आदल्या दिवशी सांगतो म्हणाले.