उरुशीला लाख म्हणावं का?

निंबोणी:
एका दिवाळी अंकासाठी जपानी हस्तकलेवरचा लेख मराठीत आणतेय. यामानाशी प्रांतातल्या कोफू शहरातली 'कोशू इंदेन' ही कला. हरणाचं मऊ कमावलेलं चामडं आणि त्यावर उरुशी नावाच्या झाडाच्या चिकानं काढलेली उठावाची नक्षी. बटवे, पाकिटं, पिशव्या करतात. मी 'उरुशीचा लेप' लिहिलं होतं, संपादकांनी खोडून 'लाखेचा मुलामा' केलं. लाख किड्याची, उरुशी झाडाची. पण नुसतं 'उरुशी' लिहिलं तर वाचक अडखळेल हेही खरं. काय करावं?

गावठी पंडित:
'लाक्षालेपित मृगचर्म'. विषय संपला.

खापरपणजोबा:
पंडित, मृगचर्म म्हटलं की केसांसकटचं आसन डोळ्यांपुढे येतं आणि त्यावर बसलेले ऋषी. इथे केस काढून, घासून गुळगुळीत केलेलं चामडं आहे. त्यात सुटे पैसे ठेवतात.

तळकोकण:
लाखेला एवढा विरोध कशाला? आमच्या सावंतवाडीत लाकडी खेळण्यांवर लाख चढते, गंजिफाच्या पत्त्यांवर चढते. इंग्रजांचा 'लॅकर'सुद्धा मूळचा आपल्या लाखेचाच, पोर्तुगीजांच्या तोंडून फिरून आलेला. घरची वस्तू घरी परत घ्यायला लाज कसली?

निंबोणी:
लाज नाही हो, काम वेगळं आहे. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवली की घर्षणाच्या उष्णतेनं ती वितळते आणि गार झाली की घट्ट बसते. उरुशीची तऱ्हा उलटी. ती घट्ट व्हायला हवेत दमटपणा लागतो, म्हणून माल उबदार, ओलसर खोलीत ठेवतात. आणि एकदा बसली की उष्णतेनं वितळत नाही. नक्षीसाठी कोरलेला कागदी साचा चामड्यावर ठेवून वरून उरुशी ओढायची आणि साचा उचलायचा. हा कागदही कच्च्या 'जपानी फळा'च्या, म्हणजे पर्सिमॉनच्या, रसानं टणक केलेला असतो. आता याला 'मुलामा' म्हणायचं? मुलामा सोन्याचांदीचा असतो.

काथ्याकूट:
तुम्ही लाखेत अडकलात, मला 'इंदेन'नं झोप लागेना. हिंद + देणं = इंदेन. आपण दिलेलं! कुणीतरी खोडून दाखवा.

खापरपणजोबा:
अर्धं बरोबर निघालं, नशीब तुमचं. जपानीत 'इंदो देनराई' म्हणजे हिंदुस्थानातून आलेलं, त्याचं आखूड रूप इंदेन, असं सहसा सांगतात. सतराव्या शतकात परदेशी जहाजांवरून हिंदुस्थानी चामडं तिकडे पोचलं आणि त्यावरून हे नाव. 'देणं' मात्र तुमच्या पदरचं. गंमत म्हणजे कोफूतली 'इंदेनया' ही पेढी आपली सुरुवात १५८२ ची सांगते, म्हणजे नावाच्या या कथेपेक्षा पेढी जुनी. आणि चामडं पेंढ्याच्या धुरावर धरून रंगवायची पद्धत तर नारा काळापासूनची, म्हणजे आठव्या शतकातली. तीही इंदेनमध्येच मोजतात.

काथ्याकूट:
म्हणजे वस्तू त्यांची, नाव आपलं. नाव तरी आपलं म्हणू द्या.

वऱ्हाडी ठेचा:
निंबोणीताई, ही उरुशी कच्ची असताना अंगाला लागली तर खाज सुटून पुरळ उठते ना? मग तो आमच्या बिब्याचा चुलतभाऊ झाला. आंबा, काजू, बिबा आणि उरुशी, सगळे एकाच कुळातले. बिबा उतला की माणसाचं तोंड वळखू येत नाही. धोबी कपड्यावर खूण करायचे ती बिब्याचीच, धुऊन जात नसे. तवा लाख सोडा, 'चीक' म्हणा. चीककाम!

गावठी पंडित:
'चिकाचं पाकीट' वाचून निम्मा महाराष्ट्र खरवसाची वाट बघत बसेल.

खापरपणजोबा:
आणि उरलेला निम्मा कुरडयांची. 'रोगण' का नको? जुना, रुळलेला शब्द. लाकूडकामातले लोक अजून वापरतात.

गावठी पंडित:
फारसी.

खापरपणजोबा:
मग 'कागद'ही सोडा. कोरलेल्या पत्रावर नक्षी काढा.

तळकोकण:
या पंडितांना शब्द सोवळ्यातलाच हवा. लोक 'लाख' म्हणतात, लाखच लिहा. कारागीर जीवशास्त्राला विचारून शब्द वापरत नाही.

निंबोणी:
इथले कारागीर नाही विचारणार, पण तिकडचे 'उरुशी'च म्हणतात ना! १९८७ मध्ये जपान सरकारनं पारंपरिक हस्तकला म्हणून या कलेला मान्यता दिली. त्यात साहित्य आणि पद्धती ठरलेल्या असतात. तिथे उरुशीऐवजी लाख घातली तर ती वस्तू इंदेनच राहणार नाही. मी 'उरुशीचं रोगण' लिहून पाहते. अजून एक शंका: त्यांच्या नक्षीत चतुर खूप. तो पुढेच उडतो, मागे फिरत नाही असं मानत, म्हणून सामुराईंना प्रिय, 'विजयी किडा' म्हणत. मराठीत 'चतुर' लिहिलं तर लोक शहाणा माणूस समजतील का?

काथ्याकूट:
आम्ही त्याला लहानपणी टाचणी म्हणायचो. शेपटीला दोरा बांधून उडवायचो, आता वाईट वाटतं.

तळकोकण:
टाचणी वेगळी. ती बारीक, बसली की पंख मिटते. चतुर पंख पसरून बसतो.

काथ्याकूट:
आमच्याकडे दोन्ही टाचणीच. किड्यांना विचारून नाव ठेवायचं का?

निंबोणी:
मंडळी, मजकूर आज रात्री जायचाय. रोगण की चीक?

वऱ्हाडी ठेचा:
चीकच. बिब्याचं नाव निघालंच आहे तर सांगा, डिंकाच्या लाडवात गोडंबी घालता का तुम्ही लोक?

तळकोकण:
बिब्याच्या आतला गर? लाडवात? आम्ही काजू घालतो.

वऱ्हाडी ठेचा:
तेही त्याच कुळातलं. पण गोडंबीशिवाय डिंकाचा लाडू म्हणू नका त्याला.

गावठी पंडित:
शब्द 'गोडांबी' आहे.