एसीएल फाटलं की ऑपरेशन करायचं का? कालच्या पोस्टला माझं उत्तर

थाटीपूरची फिजिओ

काल 'बाड्यावरचा मामा' यांनी आपल्या ग्वाल्हेरकरांच्या या पानावर लिहिलं की हॉकी खेळताना भाचीचं एसीएल (गुडघा आतून धरून ठेवणारं लिगामेंट, म्हणजे अस्थिबंध) गेलं आणि डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. पुढे त्यांचे शब्द असे: "स्वीडनमध्ये सिद्ध झालंय, ऑपरेशनची गरजच नसते. हा लुटीचा धंदा आहे. पोरीला घरी बसवा, तेल लावा, तीन महिन्यांत पळेल." आज माझ्याकडे येणाऱ्या पालकांनी तीच पोस्ट मला पाठवून "मग आम्हीही थांबू का?" असं विचारलं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

स्वीडनचा अभ्यास खरा आहे, २०१० साली प्रसिद्ध झाला. एसीएल फाटलेली १२१ तरुण माणसं होती. ६२ जणांचं ऑपरेशन लवकर करायचं ठरलं. उरलेल्या ५९ जणांना आधी कसून व्यायाम दिला, आणि गुडघा दगा देतच राहिला तर मागाहून ऑपरेशन. दोन वर्षांनी दोन्ही गटांच्या गुडघ्यांत म्हणावा असा फरक नव्हता. मामांनी सांगितलं ते इथवरच. पण त्या ५९ पैकी २३ जणांनी दोन वर्षांच्या आत ऑपरेशन करून घेतलं आणि पाच वर्षांत हा आकडा ३० वर गेला. शिवाय व्यावसायिक खेळाडू त्या अभ्यासात घेतलेलेच नव्हते. आणि ज्यांचं ऑपरेशन झालं नाही ते घरी बसले नव्हते, ते फिजिओच्या नजरेखाली महिनोन्महिने घाम गाळत होते. तेलाचा त्यात कुठे उल्लेखही नाही.

आता दुसऱ्या बाजूच्यांना. "ऑपरेशन झालं, आता पोरगी पुन्हा खेळणार" हेही तितकंच खोटं आहे. साडेसात हजार रुग्णांचे आकडे एकत्र करून २०१४ साली जे निघालं त्यात स्पर्धात्मक खेळात परतणारे फक्त ५५ टक्के होते. पंचविशीच्या आतले जे परत मैदानात उतरतात त्यांच्यात सुमारे २३ टक्क्यांचं लिगामेंट पुन्हा फाटतं, त्याच नाही तर दुसऱ्या गुडघ्याचं. नॉर्वेतल्या ओस्लोच्या आणि अमेरिकेतल्या डेलावेअरच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की ऑपरेशननंतर नवव्या महिन्यापर्यंत खेळणं जितके महिने पुढे ढकलाल, तितकी दर महिन्यामागे पुन्हा इजा होण्याची शक्यता निम्म्यावर येत जाते. मांडीची ताकद आणि एका पायावरच्या उड्या या परीक्षा पास न होता जे परतले त्यांच्यात ३८ टक्के पुन्हा जखमी झाले. पास झालेल्यांत ५.६ टक्के.

आपण भांडतो ऑपरेशन टेबलावर काय होतं त्यावर. मुलींचं करिअर संपतं ते त्यानंतरच्या वर्षभरात, आणि तेव्हा त्यांच्यासोबत कुणी नसतं.

बाड्यावरचा मामा

ताई, तुमचं पोट गुडघ्यांवरच आहे, तेव्हा तुम्ही हेच लिहिणार. माझ्या पुतण्याचं सांगतो. फुटबॉलमध्ये पाय मुरगळला. मोठ्या शहरातल्या एका नावाजलेल्या हॉस्पिटलात नेला. एमआरआय बघून दहा मिनिटांत 'पॅकेज' सांगितलं, वहिनींनी पाटल्या मोडल्या. डिस्चार्जच्या वेळी व्यायामाचा एक छापील कागद हातात ठेवला आणि म्हणाले, घरी करा. आज त्याचा गुडघा पूर्ण वाकत नाही. पोरगा पंगतीत मांडी घालून बसू शकत नाही. याला लूट नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

आणि फिनलंडचंही वाचलंय मी. नुसते छेद देऊन खोटं ऑपरेशन केलेले आणि खरं ऑपरेशन केलेले, वर्षभराने दोघे सारखेच. त्यावर बोला.

ऑर्थो रेसिडेंट

मामा, बोलतो. फिनलंडचा अभ्यास २०१३ चा, १४६ रुग्ण, वय ३५ ते ६५. झिजून फाटलेला मेनिस्कस, म्हणजे गुडघ्यातली गादी. एसीएलचा त्यात संबंध नाही. साठीच्या माणसाची झिजलेली गादी आणि कॉलेजच्या मुलीचं ताजं फाटलेलं लिगामेंट तुम्ही एका तागडीत घालताय. गादीच्या बाबतीत फिनलंडवाले बरोबर आहेत, आमचे सीनियरही अशी ऑपरेशनं आता टाळतात. पण तो निकाल तुमच्या भाचीला लावू नका.

आणि फिजिओ मॅडमनाही सांगतो, २०१० वर थांबू नका. २०२२ मध्ये ब्रिटनचा अभ्यास आला, ३१६ रुग्ण. त्यांची दुखापत जुनी झाली होती आणि गुडघा वारंवार निसटत होता. तिथे ऑपरेशनवाले दीड वर्षाने स्पष्टपणे पुढे होते, गुडघ्याच्या तब्येतीचे शंभरपैकी ७३ विरुद्ध सुमारे ६५ गुण. व्यायामाच्या गटातल्या ४१ टक्के लोकांनी शेवटी ऑपरेशनच करून घेतलं. ज्याचा गुडघा निसटतो त्याला "अजून व्यायाम कर" सांगत बसणं हाही अन्यायच. प्रत्येक वेळी निसटताना गादी चिरडते, आणि गादी गेली की चाळिशीत गुडघा म्हातारा होतो.

थाटीपूरची फिजिओ

निसटणाऱ्या गुडघ्याला थांबवून ठेवा असं मी कुठे लिहिलं? पण इथे किती सर्जन "आधी बारा आठवडे ताकद वाढव, मग बघू" असं म्हणतात, ते प्रामाणिकपणे सांगा.

गोलकीपरची आई

अभ्यास मला कळत नाहीत. माझ्या मुलीचं सांगते.

ऑपरेशन उत्तम झालं होतं, सर्जनला मी आजही नमस्कार करते. पण राज्याच्या ट्रायल्स आल्या आणि नऊ महिने व्हायच्या आतच ती मैदानात उतरली. कोणी तपासलं नाही. एका पायावर उडी मारून दाखव, असंही कोणी म्हटलं नाही. कोच म्हणाले, चालतेय ना नीट, मग खेळेल. आम्हीही गप्प राहिलो कारण स्पोर्ट्स कोट्यातून रेल्वेत नोकरीची आशा होती, आणि त्या सर्टिफिकेटाला वयाची मर्यादा असते. पहिल्याच सामन्यात बॉल अडवायला पुढे आली, आजूबाजूला कोणी नव्हतं, आणि दुसरा गुडघा गेला. चांगला होता तो.

मामा, तुमच्या पुतण्याला व्यायाम करून घ्यायला कोणी भेटलं नाही. माझ्या मुलीला थांबवायला कोणी भेटलं नाही. यात ऑपरेशनचा काय दोष?

जीवाजीगंजकर

काकू, वाईट वाटलं. पण नऊ महिन्यांचा एवढा बाऊ नको. आपली स्मृती मानधना बघा. २०१७ च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियात गुडघ्याचं लिगामेंट गेलं, जूनमध्ये वर्ल्डकप खेळली आणि इंग्लंडविरुद्ध ९०, वेस्ट इंडीजविरुद्ध नाबाद १०६. जिद्द लागते.

थाटीपूरची फिजिओ

जिद्द काकूंच्या मुलीकडे नव्हती असं म्हणायचंय का तुम्हाला? राष्ट्रीय संघातल्या खेळाडूच्या मागे पूर्णवेळ फिजिओ असतो. त्या दोन डावांनंतर त्याच वर्ल्डकपमध्ये स्मृतीच्या धावा आटल्या, हेही आठवा. आणि फलंदाजी वेगळी, टर्फवर, म्हणजे हॉकीच्या कृत्रिम मैदानावर, कंबरेत वाकून पळता पळता वळणं वेगळं. दुसरं उदाहरण विनेश फोगाटचं घ्या. ऑगस्ट २०२३ मध्ये मुंबईत एसीएलचं ऑपरेशन, ऑगस्ट २०२४ मध्ये ऑलिंपिकची फायनल गाठली. मध्ये एक वर्ष आहे. जे पाच महिन्यांत परतले आणि मोडले त्यांची बातमी छापून येत नाही.

पीटी सर (निवृत्त)

इतका वेळ वाचतो आहे, पण मूळ मुद्दा कुणी काढत नाही. मुलींच्या गुडघ्याची रचनाच वेगळी आहे. कंबर रुंद, गुडघे आत वळलेले, वर दर महिन्याचे हार्मोन. मुलांपेक्षा मुलींचं एसीएल कितीतरी जास्त फाटतं, हे जगभर मान्य आहे. मुलींना टर्फवर इतक्या लहान वयात उतरवूच नये. आमच्या वेळी मुली मातीत खो-खो खेळायच्या, दोरीचा मल्लखांब करायच्या, एकीचाही गुडघा असा गेलेला मला आठवत नाही.

राइट हाफ

सर, मी तुमचा मान ठेवते, पण हे वाक्य ऐकून दरवर्षी मुली हॉकी सोडतात. सोडतात म्हणजे त्यांना घरचे सोडायला लावतात. तुमच्या वेळी गुडघा गेला तर मुलगी शाळेत यायची बंद व्हायची आणि तिचं लग्न व्हायचं. एमआरआय होता कुठे? तुम्हाला आठवत नाही कारण तुमच्यापर्यंत ते आलंच नाही.

जास्त फाटतं हे खरं. मग पुढचं ऐका. स्वीडनमध्येच, २०१२ साली, फुटबॉल खेळणाऱ्या १२ ते १७ वर्षांच्या ४५६४ मुली. एका गटाला आठवड्यातून दोनदा पंधरा मिनिटांचा वॉर्मअप दिला: एका पायावर बैठक, दोन पायांवर बैठक, कंबर उचलणं, प्लँक, लंज, आणि उडी मारून गुडघा आत न वळवता उतरणं. बस. एसीएलच्या इजा ६४ टक्क्यांनी कमी झाल्या. कुणाची कंबर अरुंद केली नव्हती, कुणाचे हार्मोन बदलले नव्हते. आम्हाला शाळेत कोणी उडीवरून उतरायला शिकवलं? मैदानाला दोन फेऱ्या मारा, झाला वॉर्मअप!

पीटी सर (निवृत्त)

फेऱ्या मारून घेतल्या म्हणूनच दम होता मुलींत. आयुष्य घातलंय मी या मैदानांवर. काल वाचलेल्या आकड्यांवर मला शिकवू नकोस. शाळेत पीटीचा तास आठवड्यातून एक, तोही परीक्षा जवळ आली की गणिताला जातो. त्यात पंधरा मिनिटं वॉर्मअप, मग खेळायचं कधी?

जीवाजीगंजकर

सरांचं तासाचं बरोबर आहे. आणि मैदानांचं कोण बोलणार? शाळेच्या मैदानावर खडी आहे. मुली भावांचे जुने बूट दोन मोजे घालून वापरतात. आपलं मंडळ गणेशोत्सवात मांडवावर खर्च करतं तेवढ्यात एका शाळेचं मैदान सपाट होईल. मी मीटिंगमध्ये हे बोललो तर मला म्हणाले, दहा दिवसांचा उत्सव आहे, मोडता घालू नका.

गोलकीपरची आई

मंडळाचा विषय कृपा करून इथे नको.

राइट हाफ

का नको? पैसा कुठे जातो ते ठरतं तिथेच. ऑपरेशनला सगळं खानदान पैसे गोळा करतं. बुटांना आणि फिजिओला कोणी देत नाही. आणि सर, फूलबागेत झाशीच्या राणीची समाधी आहे, तिच्याच नावाची शारीरिक शिक्षणाची संस्था १९५७ पासून या गावात आहे, मुलींची राज्य हॉकी अकादमी इथेच आहे. देशभरातून मुली ग्वाल्हेरला शिकायला येतात, आणि आपण मात्र म्हणायचं की मुलींच्या शरीरातच खोट आहे?

पीटी सर (निवृत्त)

खोट म्हणालो नाही. रचना म्हणालो.

राइट हाफ

आईबापांना ऐकू तेच येतं.

बाड्यावरचा मामा

माझ्या भाचीचा प्रश्न बाजूलाच राहिला. फिजिओताई, तुमच्या स्वीडनवाल्यांचीच पुढची गोष्ट तुम्ही सांगितली नाहीत. २०२२ मध्ये त्यांनी जुने एमआरआय पुन्हा तपासले. व्यायामाच्या गटातल्या ५४ पैकी १६ जणांचं लिगामेंट दोन वर्षांत आपोआप जुळलेलं दिसलं. डॉक्टर तर सांगतात, एसीएल कधीच जुळत नाही.

थाटीपूरची फिजिओ

हे खरं आहे. "कधीच जुळत नाही" असं आता कुणी छातीठोक सांगू नये, आणि सांगणाऱ्याला तुम्ही जरूर अडवा. पण बाकीच्या ३८ जणांचं जुळलेलं दिसलं नाही, त्यांत मागाहून ऑपरेशन करून घेतलेलेही आले. तुमची भाची कोणत्या बाजूला पडेल ते आज कुणालाच सांगता येत नाही. आणि ते जुळलं तेही तेलाने नव्हे.

बाड्यावरचा मामा

बरं. तेल मागे घेतो. लुटीचं मागे घेत नाही.

ऑर्थो रेसिडेंट

लुटीचं मी तुमच्याकडून अर्धं घेतो. पुनर्वसनाची सोय न लावता ऑपरेशन करून मोकळं होणं मलाही पटत नाही, आणि ते सर्रास होतं. ऑपरेशन ठरलंच तर भाचीच्या वतीने सर्जनला एक प्रश्न नक्की विचारा. २०२० मध्ये १४ ते २५ वयाच्या ६१८ रुग्णांवर अभ्यास झाला. हॅमस्ट्रिंगच्या ग्राफ्टसोबत (म्हणजे मांडीमागची शीर काढून फाटलेल्या लिगामेंटच्या जागी बसवतात त्यासोबत) गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला आणखी एक पट्टी बसवली तर ग्राफ्ट फाटण्याचं प्रमाण ११ वरून ४ टक्क्यांवर आलं. वळणाचे खेळ खेळणाऱ्या तरुण मुलीसाठी हे विचारणं तुमचा हक्क आहे. चिडले तर दुसरा सर्जन बघा.

थाटीपूरची फिजिओ

मामा, आता मला सांगा, तिचा गुडघा मध्येच अडकतो का? म्हणजे सरळच होत नाही, असं होतं का? होत असेल तर गादीचा तुकडा आत अडकला असू शकतो, मग वाट बघायची नाही, याच आठवड्यात सर्जनकडे. अडकत नसेल तर घाई नाही. आधी सूज उतरवू, पाय पूर्ण सरळ करू, मांडी भरू. सुजलेल्या, आखडलेल्या गुडघ्यावर घाईने ऑपरेशन केलं की तो आणखी आखडायची भीती असते. तुमच्या पुतण्याचं तसं झालं का, ते जुने कागद बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. भाचीचा गुडघा पुढे निसटायला लागला तर ऑपरेशन, आणि तेव्हा मीच तुमच्या बहिणीला सांगेन की करा.

बाड्यावरचा मामा

अडकत नाही म्हणते. जिना उतरताना मात्र भीती वाटते तिला. डिसेंबरात ट्रायल आहे, त्याचं काय?

गोलकीपरची आई

मामा, ऑपरेशन करा किंवा करू नका, डिसेंबरचं नाव काढू नका. तुमच्या बहिणीचा नंबर मला द्या, मी स्वतः बोलते.

बाड्यावरचा मामा

देतो. रिपोर्ट उद्या थाटीपूरला घेऊन येतो. फी मात्र आधी सांगा.

पीटी सर (निवृत्त)

राइट हाफ, तो पंधरा मिनिटांचा वॉर्मअप मला मराठीत क्रमवार लिहून पाठव. शाळेत अजून माझं ऐकतात. रचनेबद्दल माझं मत कायम आहे.

राइट हाफ

आज रात्रीच पाठवते, सर. मत कायम ठेवा. फक्त ते मुलींच्या आईबापांना सांगू नका.