मदत हवी आहे : दिवसाच्या उजेडात मागच्या रांगेपर्यंत वाचता येईल अशी मराठी स्लाइड कशी करावी?

नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यात कापूस उत्पादक शेतकऱ्यांच्या प्रशिक्षणाचे काम करतो. जुलै ते सप्टेंबर या काळात गावोगावी गुलाबी बोंडअळीच्या व्यवस्थापनावर सभा घ्याव्या लागतात. त्या बहुधा शाळेच्या खोलीत किंवा समाजमंदिरात, सकाळी अकराच्या सुमारास होतात. खिडक्यांना पडदे नसतात, उकाड्यामुळे दारे लावता येत नाहीत आणि चित्र चुना दिलेल्या भिंतीवरच पाडावे लागते. ते जेमतेम चार फूट उंच असते आणि शेवटची रांग तेथून सुमारे चाळीस फुटांवर बसलेली असते.

गेल्या सभेत मी फवारणी केव्हा करावी हे सांगणारी स्लाइड दाखवली. हेक्टरी ५ कामगंध सापळे (बोंडअळीच्या नर पतंगांना गंधाने ओढून पकडणारे) लावावेत आणि प्रत्येक सापळ्यात सलग ३ दिवस ८ किंवा अधिक पतंग आढळल्यास उपाय योजावेत, असा तिचा आशय होता. सभा संपल्यावर मागे बसलेल्या एका वयस्कर शेतकऱ्याने विचारले, “साहेब, आठ पतंग एका सापळ्यात म्हणता की सगळ्या वावरात?” त्यांना ‘८’ हा आकडा दिसला होता, पण ‘प्रत्येक सापळ्यात’ हे शब्द वाचता आले नव्हते. त्यांनी विचारले म्हणून गैरसमज दूर झाला. ज्यांनी विचारले नाही, त्यांच्यापैकी कोणी वावरभर मिळून आठ पतंग मोजून फवारणीचा खर्च केला तर त्याला माझी स्लाइड कारणीभूत ठरेल, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

सध्या माझ्या स्लाइडची पार्श्वभूमी गडद हिरवी आणि अक्षरे पांढरी आहेत. फॉण्ट मंगल, आकार २० पॉइंट, आणि एका स्लाइडवर अकरा-बारा ओळी येतात. ठळक अक्षरे वापरून पाहिली, तर जोडाक्षरांतील मोकळी जागा भरून गेली आणि ‘ट्रायकोग्रामा’ या मित्रकीटकाच्या नावासारखा शब्द काळपट डाग वाटू लागला. ओळी इतक्या जवळ येतात की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला चिकटतो, आणि ‘बोंडअळी’वरचा अनुस्वार तर दिसतच नाही. शिवाय गावातील संगणकावर फाइल उघडली की फॉण्ट बदलतो आणि सगळी मांडणी विस्कटते.

इंग्रजी स्लाइडसाठी दिलेले सल्ले मी वाचले आहेत, परंतु मात्रा, रफार आणि उकार असलेल्या लिपीला ते पुरे पडत नाहीत. अंधार करता येत नसताना रंग कोणते घ्यावेत, देवनागरीसाठी आकार आणि ओळींमधील अंतर किती ठेवावे, आणि सभेपूर्वी स्लाइड कशी पारखावी, याविषयी अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

आपला मुख्य अडथळा रंगाचा आहे. प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही; तो फक्त प्रकाश टाकतो. त्यामुळे उजेडाच्या खोलीत गडद पार्श्वभूमी भिंतीइतकीच फिकी दिसते आणि पांढरी अक्षरे तिच्यात विरतात. पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळी अक्षरे घ्या.

पॉवरपॉइंटच्या नेहमीच्या साच्यात मजकुराच्या ओळींमधील अंतर ०.९ पट असते. रोमन लिपीला ते चालते, देवनागरीला नाही, मी १.२ ते १.३ ठेवतो. मजकूर जास्त झाला की अक्षरे आपोआप लहान करणारी सोयही बंद करा, कारण मजकूर कापण्याची गरज ती आपल्यापासून लपवते. फॉण्ट ‘मुक्त’ (Mukta) किंवा ‘नोटो सॅन्स देवनागरी’ घ्यावा आणि ठळकपणा मध्यम ठेवावा. गावात फाइल नेताना तिची पीडीएफ प्रत न्यावी, म्हणजे फॉण्ट बदलण्याचा प्रश्न उरत नाही.

आकाराचा हिशेब असा. साडेसात इंच उंचीची स्लाइड भिंतीवर चार फूट होते, म्हणजे ६.४ पट. पंधरा इंची लॅपटॉपच्या पडद्याची उंचीही साधारण साडेसात इंच असते. म्हणून स्लाइड पूर्ण पडद्यावर उघडून, खिडकीजवळच्या उजेडात, लॅपटॉपपासून सव्वासहा फूट (चाळीस भागिले ६.४) मागे उभे राहून वाचा; आपल्या शेवटच्या रांगेला ती जवळजवळ तेवढीच दिसते. घरातील चष्मा असलेल्या वडीलधाऱ्यांनाही वाचायला सांगा. माझ्या अनुभवात ३६ पॉइंटच्या खाली मजकूर टिकत नाही, आणि मग एका स्लाइडवर चार ओळीच मावतात.

धागाकर्ता

मनःपूर्वक आभार. काल सव्वासहा फुटांवरून वडिलांना जुनी स्लाइड दाखवली. त्यांना शीर्षकापलीकडे काहीही वाचता आले नाही. आता फवारणीच्या स्लाइडचे तीन भाग केले आहेत : पहिल्यावर एकाच सापळ्याचे मोठे चित्र आणि ‘एका सापळ्यात ८ पतंग’, दुसऱ्यावर ‘सलग ३ दिवस’, तिसऱ्यावर डोमकळीचे, म्हणजे अळीमुळे नीट न उमलता मिटून राहिलेल्या फुलाचे, छायाचित्र. ‘प्रत्येक’ऐवजी ‘एका’ केल्याने जोडाक्षरही गेले आणि अर्थही पक्का झाला.

एक शंका उरली आहे. डोमकळीच्या छायाचित्रात गुलाबी अळी उजेडात फिकी पडते आणि पाकळीपासून वेगळी ओळखू येत नाही. अळीभोवती जाड काळे वर्तुळ काढावे, की तेवढाच भाग कापून मोठा करून दाखवावा?