मदत हवी आहे : आज्यांच्या ओवी-भजन गटाचा तब्येतीवर होणारा परिणाम मोजायचा कसा?

नमस्कार मंडळी,

तासगाव तालुक्यातल्या एका गावात आम्ही साठी ओलांडलेल्या बायकांचा गट चालवतो. दुपारी देवळात जमायचं, जात्यावरच्या ओव्या, भजन, थोडा फेर, मग चहा. मुलं पुण्या-मुंबईला आणि घरात एकटी, अशा बायका जास्त. आता शेजारच्या दोन वाड्यांवरही गट सुरू करायचेत. पैसे देणारी संस्था म्हणते, आरोग्यात काय फरक पडतो ते दाखवा. मागणी रास्तच आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप कार्यालयानं २०१९ मध्ये तीन हजारांहून जास्त अभ्यास तपासून कला आणि आरोग्याचा संबंध मांडलाय. पण आमच्या वाडीवर तो फरक पडतो का, हे त्यातून कळत नाही.

संस्थेनं मनाचं स्वास्थ्य मोजणारी 'डब्ल्यूएचओ-५' ही प्रश्नावली सुचवलीय. पाच विधानं, गेल्या दोन आठवड्यांत तसं किती वेळ वाटलं त्याचे ० ते ५ गुण, बेरजेला ४ नं गुणलं की शंभरपैकी आकडा. आमच्यातल्या बऱ्याच जणींना वाचता येत नाही, म्हणून मी वाचून दाखवते. शांत, निवांत वाटलं का, असं विचारलं तर एक आजी म्हणाल्या, "निवांत कसलं बाई, दोन म्हशी हायत." आणि शेवटी, "तुला किती पायजेत तेवढं मांड." त्यांनी हे मायेनंच म्हटलं, आणि माझी खरी अडचण तीच आहे. गट चालवणारी मी आणि विचारणारीही मीच. मला वाईट वाटेल असं त्या सांगतील कशा?

दुसरी अडचण हंगामाची. द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी लागली की मजुरीला जाणाऱ्या बायका येत नाहीत. दिवाळीत नातवंडं घरी आली की सगळ्याच खुलतात, त्याचं श्रेय भजनाला कसं देणार? शिवाय गुडघ्यांमुळे यायचं थांबलेल्या आज्या मोजणीतून सुटल्या, तर उरलेल्यांचा आकडा आपोआप चांगला दिसतो. म्हणून गट सोडलेल्यांनाही घरी जाऊन विचारायचं ठरवलंय.

माझ्या डोक्यात असं आहे : दोन्ही वाड्यांवर आत्ताच विचारून ठेवायचं, एका वाडीवर लगेच गट सुरू करायचा, दुसरीवर संक्रांतीनंतर. दुसरा गट सुरू होण्याआधी दोन्हीकडे पुन्हा विचारायचं. छाटणी आणि दिवाळी दोन्हीकडे सारखीच असेल. तसंही एकदम दोन्हीकडे जायला आमच्याकडे माणसं नाहीत. फेर धरतो म्हणून खुर्चीतून उठून तीन मीटर चालून परत येऊन बसायला लागणारा वेळही मोजेन. संस्थेला बीपीसुद्धा हवंय, पण गोळ्या बदलल्या की बीपी बदलतं. तीसेक बायकांच्या आकड्यांवरून त्याबद्दल काही बोलणं मला पटत नाही.

प्रश्नावली इथल्या बोलीत कुणी वापरलीय का? शब्द बदलले तर गुण ग्राह्य धरतात का? विचारायला कुणाला पाठवावं? आशाताईंवर आधीच कामाचा डोंगर आहे. समाजकार्याचे विद्यार्थी चालतील का? आणि नवरा गेल्यापासून उंबरा न ओलांडलेल्या एक आजी आता शेजारणीला हाक मारून बरोबर घेऊन येतात, हे अहवालात पुरावा म्हणून कसं मांडायचं?

सांगली-मिरजेत असं काम केलेलं कुणी असेल तर मी येऊन भेटेन. छाटणी सुरू व्हायच्या आत पहिली फेरी उरकायची आहे.