पहिल्या महायुद्धात फ्रान्सहून आलेली हिंदी सैनिकांची पत्रं "त्यांची" म्हणायची का?

खंदक: १९१४ च्या सप्टेंबरात आपले सैनिक फ्रान्सच्या मार्सेय बंदरात उतरले आणि तिकडून घरी पत्रं सुरू झाली. बहुतेकांना लिहिता येत नव्हतं. म्हणजे लिहिणारा गाठायचा, मग ते पलटणीत तपासलं जाणार, मग फ्रान्समध्येच बुलोनला कॅप्टन हॉवेल या ब्रिटिश सेन्सॉर अधिकाऱ्याच्या ऑफिसात परत वाचणार, निवडक मजकुराचं इंग्रजी करून वरती रिपोर्ट जाणार आणि पत्र पुढे गावाकडे. आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत ते हे रिपोर्ट. अक्षर एकाचं, भाषांतर दुसऱ्याचं, निवड साहेबाची. याला सैनिकाचा आवाज म्हणणं मला पटत नाही.

माळरान: मला हे अजिबात मान्य नाही. सेन्सॉरने उतरवून ठेवली म्हणून काहीतरी उरलं, घरी पोचलेली किती वाळवीने खाल्ली! आणि साहेब वाचतोय हे त्यांना पक्कं माहीत होतं. काळी मिरी संपली, आता लाल मिरची वापरतायत असं लिहायचे, काळी म्हणजे आपले, लाल म्हणजे गोरे. कोणी घरच्यांना भरती होऊ नका म्हणून सांगतोय. हे काय साहेबाचं डोकं आहे?

खंदक: अहो ती मिरची साहेबाला कळली म्हणूनच रिपोर्टात आली ना! ज्या खुणा कळल्या नाहीत त्या गेल्याच की.

सातारकर: गेल्या कशा? घरी पोचल्या! उलट खूण साधली असं म्हणा. आणि गावात तरी पत्र खासगी कुठे होतं, पोस्टमन नाहीतर मास्तर ओट्यावर मोठ्याने वाचणार आणि बायको दाराआडून ऐकणार. दोन्ही टोकांना परका माणूस. त्यातूनही जे सांगायचं ते सांगितलं त्यांनी, मला तर याचंच फार वाटतं.

कोकणी माणूस: पण त्यात आपली माणसं किती? फ्रान्सच्या रिपोर्टात पंजाबच जास्त. मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, त्यातल्या १०३, ११० आणि ११७ नंबरच्या तर तिथल्या कुत गावी तुर्कांच्या वेढ्यात अडकलेल्या, डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. त्यांचं जे काही असेल ते लंडनला नाही, आपल्याच माळ्यावरच्या ट्रंकेत शोधायला हवं.

खंदक: हे मात्र एकदम मान्य. आमच्या आजीच्या पेटीत त्या काळातलं एक कार्ड आहे, फील्ड पोस्टाचा शिक्का आणि मजकूर मोडीत. घरात कोणालाच मोडी येत नाही. सातारकर, तुमच्याकडे वाचणारं कोणी आहे का?