सहा माणसांसाठी मोठी एसयूव्ही : खंबाटकी, कुंभार्ली आणि घरची मंडळी. कुठली घ्यावी?

कृष्णाकाठ :
नमस्कार मंडळी. आम्ही साताऱ्यात गोडोलीला राहतो. घरात सासू-सासरे, आम्ही दोघं, नऊ वर्षांची मुलगी आणि तीन वर्षांचा मुलगा. मिस्टरांची नोकरी पुण्यात आहे, ते शनिवार-रविवारच घरी असतात. म्हणजे गाडी आठवडाभर माझ्याच हातात. माझं माहेर पाटणच्या पुढे, धाकटे दीर चिपळूणला. त्यामुळे कुंभार्ली घाट पाठ सोडत नाही. सासऱ्यांना वर्षातून निदान एकदा तरी पंढरपूरला न्यायचं असतंच. आत्ताच्या छोट्या गाडीत सगळे मावत नाहीत, मग दोन गाड्या काढा नाहीतर कुणाला तरी मागे ठेवा, असं चालू आहे.

बजेट ऑनरोड पंचवीस लाखांच्या आसपास. स्कॉर्पिओ-एन, सफारी आणि एक्सयूव्ही ७०० या तिन्ही नजरेत आहेत. सासऱ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, तेव्हा चढ-उतार सोपा हवा.

पण माझा खरा प्रश्न वेगळा आहे. उसाचा सीझन सुरू झाला की उंब्रज ते शेंद्रे या पट्ट्यात रात्री गाडी चालवताना माझा जीव मुठीत असतो. पुढे बिनदिव्याची ट्रॉली, मागे कंटेनर. सगळे म्हणतात, मोठ्या उंच गाडीत बसलं की सुरक्षित वाटतं. ते खरंच तेवढं असतं का? आणि एवढं मोठं धूड राजवाड्याच्या गर्दीत मला एकटीला जमेल का?

घाटवाट :
ताई, डोळे झाकून स्कॉर्पिओ-एन घ्या. दर आठवड्याला सातारा-पुणे करतो, दुसरी गाडी नको वाटते. लॅडर फ्रेम आहे, म्हणजे बॉडीखाली शिडीसारखा वेगळा लोखंडी सांगाडा, दणकट आहे, वर बसलं की पुढच्या चार गाड्यांपलीकडचं दिसतं. समोरच्याला पण जरा धाक राहतो. ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत ५ तारे आहेत. अजून काय पाहिजे?

सह्यकडा :
घाटवाट, गाडी चांगलीच आहे, त्यात वाद नाही. पण ताईंच्या घरात दोन लहान मुलं आहेत आणि तुम्ही सांगितलेले ५ तारे मोठ्या माणसांचे आहेत. त्याच चाचणीत मुलांच्या सुरक्षेसाठी स्कॉर्पिओ-एनला ३ तारे मिळाले होते. एक्सयूव्ही ७०० ला २०२१ च्या चाचणीत मोठ्यांसाठी ५ आणि मुलांसाठी ४. सफारीला २०२३ मध्ये ग्लोबल एनकॅप आणि भारत एनकॅप (आपल्याकडची तशीच चाचणी) दोन्हीकडे मोठ्यांचे ५ आणि मुलांचेही ५. भारत एनकॅपमध्ये तिचे गुण मोठ्यांसाठी ३२ पैकी ३०.०८ आणि मुलांसाठी ४९ पैकी ४४.५४. मधल्या काळात ग्लोबल एनकॅपचे निकष बदलले, म्हणून २०२१ चे आणि नंतरचे आकडे शेजारी ठेवून काटेकोर तुलना करू नये. पण मुलांच्या रकान्याकडे बघायचं, हे तर त्यातून कळतंच.

ताई, तुमच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर जरा सविस्तर देतो, कारण यात लोकांची फार गल्लत होते.

उंच बसल्यावर जे वाटतं ते खोटं नाही. लांबचं दिसतं, ट्रॉलीचा आकार लवकर ओळखू येतो. पण ही उंची वळणावर आणि अचानक स्टिअरिंग फिरवताना अंगावर येते. गुरुत्वमध्य वर गेला की गाडी कलंडायचा धोका वाढतो. म्हणून ईएससी, म्हणजे घसरताना एकेका चाकाचा ब्रेक आपोआप लावून गाडी ताळ्यावर आणणारी यंत्रणा, तुम्ही घेताय त्या व्हेरियंटमध्ये आहे का ते कागदावर बघा. सनरूफ नसला तरी चालेल. सफारीच्या २०२३ च्या फेसलिफ्टपासून ईएसपी (तीच यंत्रणा) आणि ६ एअरबॅग सगळ्या व्हेरियंटना आहेत. इतर गाड्यांत खालच्या आणि वरच्या व्हेरियंटमध्ये मोठा फरक पडतो. तारे मिळवलेल्या मॉडेलचं नाव सांगून खालचं व्हेरियंट गळ्यात मारणारे विक्रेते आहेत.

दुसरं वजनाचं. या गाड्या पावणेदोन-दोन टनांच्या. समोर छोटी गाडी असेल तर वजनाचा फायदा होतो. भरलेली उसाची ट्रॉली, कंटेनर किंवा कठड्याची भिंत असेल तर त्याचा काहीच फायदा होत नाही. वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते. ८० चे १०० केले तरी ती दीडपटीच्या वर जाते. समोरच्या धडकेची चाचणी ताशी ६४ किलोमीटरवर होते, म्हणजे आपण १२० ने पळवत असू तर ते तारे त्या वेगाचे नाहीत. मोठ्या गाडीत वेग जाणवत नाही, आवाज येत नाही, आणि नेमका तिथेच माणूस फसतो. खंबाटकीचा बोगदा संपून पुण्याच्या बाजूला उतार लागतो ना, तिथल्या एस वळणावर वेग आधीच कमी करून ठेवा. वळणात शिरल्यावर ब्रेक मारायची वेळ येऊ देऊ नका.

घाटवाट :
मुलांच्या ताऱ्यांचं पटलं. तेवढं मी पाहिलं नव्हतं, कारण आमच्या गाडीत सगळी मोठीच माणसं असतात. पण घाटातल्या खराब रस्त्याला लॅडर फ्रेमच भारी, हे माझं मत कायम.

सह्यकडा :
खडकाळ वाटेवर, चिखलात, माल ओढायला भारीच. कुंभार्लीचा डांबरी रस्ता कितीही खराब झाला तरी त्याला लॅडर फ्रेम लागत नाही. मागे बसलेल्या म्हाताऱ्या माणसांना सफारी किंवा ७०० मध्ये कमी हेलकावे बसतील. दोन्ही मोनोकॉक आहेत, बॉडी आणि सांगाडा एकच.

कोयनेची_लेक :
ताई, मी सफारी चालवते, शाहूपुरीत राहते, उंची पाच फूट एक इंच. जमतं. अगदी निर्धास्त सांगते, जमतं.

पहिले काही दिवस खांदे दुखले, कारण मी स्टिअरिंगला लटकून बसायचे. मग सीट पूर्ण वर घेतली, स्टिअरिंग खाली आणि पुढे ओढलं, पाठ टेकवली. बॉनेटची कड दिसायला लागली आणि अंदाज बसला. गाडीची रुंदी १९२२ मिलिमीटर आहे, म्हणजे सव्वासहा फुटांच्या वर. आरसे धरून सात फूट समजा. आधी घराच्या फाटकाला टेप लावा, मग शोरूमला जा. आमच्या ओळखीच्यांनी गाडी आणली आणि मग फाटकाचा खांब पाडला.

राजवाडा, मोती चौक हा भाग मी टाळते. गाडी लांब लावते आणि चालत जाते, त्यात कमीपणा नाही. खरी काळजी बॉनेटच्या पुढच्या आंधळ्या जागेची. लहान मूल पुढे उभं असेल तर ड्रायव्हरला दिसतच नाही. तुमचा छोटा तीन वर्षांचा आहे म्हणून मुद्दाम लिहिते : गाडी सुरू करायच्या आधी तो एकतर सीटमध्ये बांधलेला असला पाहिजे, नाहीतर कुणाच्या तरी हाताला धरलेला. ३६० डिग्री कॅमेरा मिळत असेल तर त्यासाठी पैसे मोजा. दुसरी आंधळी जागा पुढच्या काचेशेजारच्या जाड खांबाची. पोवई नाक्यावर वळताना त्या खांबाआड अख्खी ॲक्टिव्हा लपते. वळताना मी मान पुढे-मागे करून बघते.

कुंभार्लीत पावसाळी धुकं दाटलं की हेडलाइट खाली, फॉग लॅम्प चालू, उतारावर दुसरा गिअर, आणि चढणाऱ्या गाडीला आधी वाट. गाडी चालू असताना चारही इंडिकेटर लावत जाऊ नका. मागच्याला तुम्ही थांबलाय की वळताय तेच कळत नाही.

आणि आनंदाचं विचाराल तर ताई, आईला आणि आत्याला घेऊन मी बामणोलीला जाते. यवतेश्वरचा घाट चढून, कासचा तलाव मागे टाकून पुढे. मागच्या सीटवर दोघींच्या गप्पा चालू असतात, थर्मासमधला चहा सांडत नाही. आधी आत्या कुठेच यायची नाही, गाडीत कंबर धरते म्हणायची. आता तीच विचारते, रविवारी कुठं जायचं?

गॅरेजवाला_कराड :
ताई, गाडी कुठलीबी घ्या, तिन्ही चांगल्या हायेत. घेतल्यावर काय करू नका ते सांगतो, कारण आमच्याकडं रोज तेच येतं.

पुढं लोखंडी बुलगार्ड बसवू नका. डिसेंबर २०१७ पासून केंद्र सरकारनं त्याच्यावर बंदी घातलीय. गाडीचं नाक धडकेत चेपायसाठीच बनवलेलं असतं. चेपलं की मार ते सोसतं, माणूस वाचतो. गार्ड लावला की तो मार थेट चासीवर जातो आणि एअरबॅगच्या सेन्सरचं गणित बिघडतं. शिवाय रस्त्यावरच्या चालणाऱ्या माणसाला ते लोखंड जीवघेणं.

सीट कव्हर. बाजूची एअरबॅग सीटच्या कडेतनं फुटती. तिथं लहान टॅग असतोय, बोट लावून बघा. बाजारात शिवलेलं जाड कव्हर चढवलं की ती जागा बंद. एअरबॅगसाठी उसवणारी शिलाई असलेलंच कव्हर घ्या, नाहीतर तसंच ठेवा.

टायर. बाजूला चार आकडे असतात, २३२४ असलं तर २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. डिलिव्हरी घेताना पाचही टायरचे आकडे वाचा. नवी गाडी यार्डात पडून राहिलेली असू शकती. कायद्यानं नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत चालती, पण आपल्याकडच्या पावसात ३ च्या खाली गेली की बदला. सगळी मंडळी आणि सामान घेऊन निघताना हवा जास्त लागती, दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर भरल्या गाडीचा वेगळा आकडा असतोय. हवा गार टायरमध्येच भरा.

आणि ट्रॉलीचं. अॅडासच्या, म्हंजे कॅमेऱ्यानं पुढचं बघून आपोआप ब्रेक लावणाऱ्या यंत्रणेच्या, भरवशावर राहू नका. रात्री बिनदिव्याची, ऊस बाहेर लोंबणारी ट्रॉली त्या कॅमेऱ्याला ओळखू येईलच असं नाही. हंगामात अंधार पडायच्या आत घर गाठायचं, हे सगळ्यात चांगलं.

कृष्णाकाठ :
सगळ्यांचे मनापासून आभार. लेकताई, फाटक मोजलं, साडेआठ फूट आहे. आता बसायच्या जागांचं सांगा. सासरे म्हणतात, "मी मागं बसतो तिसऱ्या रांगेत, पोरांना पुढं बसू दे." आणि सहा सीटवाली, मधल्या रांगेत दोन सुट्या कॅप्टन सीटची गाडी घ्यावी की सात सीटवाली?

सह्यकडा :
बाबांना तिसऱ्या रांगेत अजिबात नको. गुडघे छातीशी येतील, आणि सुरक्षेच्या दृष्टीनंही ती जागा दुय्यम आहे. डोकं मागच्या काचेच्या जवळ येतं. एनकॅपच्या चाचण्यांत मागून धडक देऊन बघत नाहीत आणि डमी पहिल्या दोन रांगांतच बसवतात. म्हणजे तिसऱ्या रांगेबद्दल ते तारे फारसं काही सांगत नाहीत.

तुमचं घर मांडून बघू. सोमवार ते शुक्रवार मिस्टर नाहीत, म्हणजे माणसं पाच. बाबा तुमच्या शेजारी पुढे, चढायला तीच जागा सोपी. मधल्या रांगेत आजी आणि दोन्ही मुलं. तिसरी रांग दुमडलेली, तिथे सामान. बहुतेक दिवस गाडी अशीच चालेल. सगळे सहा निघालात तर मागे मिस्टरांनी बसायचं, आणि कुणी कितीही मागे बसलं तरी पट्टा लावायचाच.

या हिशेबात कॅप्टन सीट तुम्हाला अडचणीची. दोन खुर्च्यांत आजी आणि दोन मुलं बसणार कशी? सात सीटवाली घ्या. मात्र मधल्या सीटला थ्री-पॉइंट बेल्ट आहे का ते डोळ्यांनी बघा, नुसता कमरेचा पट्टा असेल तर नको.

छोट्याची सीट आयसोफिक्सवर, म्हणजे ती अडकवायला गाडीच्या सीटमध्येच दिलेल्या कड्यांवर, बसवा. शोरूममध्ये बघून घ्या की तिसऱ्या रांगेत जायला कुठल्या बाजूची सीट दुमडते. मुलाची सीट त्याच्या उलट बाजूला लावायची, नाहीतर दर वेळी ती काढल्याशिवाय मागे जाता येणार नाही. मुलीला बूस्टर, म्हणजे उंच करणारी बैठक, लागेल. पट्टा गळ्यावरून न जाता खांद्यावरून आणि पोटाऐवजी मांड्यांवरून गेला पाहिजे. मांडीवर मूल घेऊन पुढे बसायचं नाही, घरापासून शाळेपर्यंतसुद्धा नाही. तिथे एअरबॅग उघडली तर मधे मूल असतं.

तिसरी रांग उभी असताना सफारीत मागे जेमतेम ७३ लिटर जागा उरते, म्हणजे दोन पिशव्या. पंढरपूरला सगळे गेलात तर बॅगा टपावर रचू नका, वजन वर जातं. कमी सामान घ्या.

माणदेशी :
ताई, पंढरपूरला दहिवडी-म्हसवडवरून या. हायवेसारखी कंटेनरची रांग नसते. वाटेत गोंदवल्याला थांबा, बाबांचे पाय मोकळे होतील आणि दर्शनही होईल. गुडघ्याच्या माणसाला दीड तासाच्या वर सलग बसवू नये. आमच्या घरी वडील, आम्ही आणि नातवंडं एकाच गाडीत जायला लागलो तेव्हापासून प्रवासातच निम्मी यात्रा होते. वडील प्रत्येक गावाची गोष्ट सांगतात, पोरं ऐकतात. दोन गाड्यांत ते होत नव्हतं.

आणखी एक, २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवरचा सेस जाऊन सरळ ४० टक्के जीएसटी झालाय. जुनी दरपत्रकं इंटरनेटवर फिरतायत, ती धरू नका.

कृष्णाकाठ :
सीटचं गणित घरात सगळ्यांना वाचून दाखवलं. बाबा पुढे बसायला तयार झाले, आई म्हणाल्या की नातवंडं माझ्याजवळच हवीत. सफारी आणि ७०० या दोन्हींची शनिवारी टेस्ट ड्राइव्ह ठरवली आहे, सात सीटच्या, आणि सगळे सहा जण जाणार आहोत. मुलाची सीट पण सोबत नेणार. लेकताई, गाडी कुठल्या रस्त्यावर नेऊन बघू?

कोयनेची_लेक :
यवतेश्वर घाटात न्या. वळणावर चढताना थांबवा, हिल होल्ड (चढावर गाडी मागे घसरू न देणारी सोय) बघा, परत उचला. उतरताना दुसऱ्या गिअरवर सोडून ब्रेकवरचा पाय काढून बघा. सकाळी आठच्या आत जा, नंतर कासकडे जाणाऱ्यांची रांग लागते. आणि स्टिअरिंगवर तुम्ही बसा, मिस्टरांना मागच्या रांगेत बसवा.